वर्णन जुळत नाही

कुणीही काहीही दिलं की तो ते दोन्ही हातांनी घ्यायचा. चहाचा कागदी कप असो, गेटपास असो, नाहीतर एखादा रबरी वॉशर. दोन्ही तळवे पुढे, मान थोडी खाली, आणि वस्तू हातात आली की एक बारीकसं "हो जी". देतानाही तसंच. साइटवरची सगळी माणसं एका हातात मोबाइल धरून दुसऱ्या हातानं देणंघेणं उरकत असताना हा नटबोल्टचा पुडा प्रसादासारखा समोर धरायचा.

पण तो पुडा सहजासहजी मिळायचा नाही. आधी तो विचारायचा, "कागद आहे का, जी?"

अबू धाबीतल्या अल रीम बेटावर आमच्या कंपनीचं काम चालू आहे. उंच इमारतींना थंड हवा आणि पाणी पुरवणारे पाइप आम्ही टाकतो. साइटवर पत्र्याच्या केबिनमध्ये आमचं स्टोअर आहे, आणि तो तिथला स्टोअरकीपर होता. मी दुबईच्या ऑफिसात माणसांचं खातं सांभाळतो. नेमणुका, व्हिसा, रजा, राजीनामे. चोवीस वर्षं हेच करतोय. तुमच्यापैकी जे आखातात नोकरी करतात त्यांनी माझ्यासारखे पुष्कळ पाहिले असतील. त्याच्यासारखा मात्र पाहिला नसेल, म्हणून हे लिहायला बसलो. आणखीही एक कारण आहे, ते पुढे येईल.

तो मुलाखतीला आला तेव्हा त्याचा चेहरा पाहून मी इंग्रजीत विचारलं, "नेपाळ?"

"नाही," तो हिंदीत म्हणाला, "महाराष्ट्र."

मी हसलो. पुण्याच्या माणसाला महाराष्ट्र म्हणजे काय हे कुणी सांगावं! मग त्यानं पासपोर्ट दोन्ही हातांनी पुढे केला. जन्मस्थळ: गोंदिया जिल्हा.

"मराठी येतं?" मी विचारलं.

"मराठीच येते जी. तुमची जराशी येगळी आहे, पण समजून घेतो."

त्या दिवशी ऑफिसात मी ते वाक्य पाच जणांना तरी ऐकवलं असेल.

त्याचे वडील तिबेटातून पायी निघून आलेले. सरकारनं काही कुटुंबांना पूर्व विदर्भात जंगलाच्या कडेला जमीन दिली, वसाहत उभी केली. तिथं हा जन्मला, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकला. शेतात भात. हिवाळ्यात सगळं कुटुंब नागपूरला येऊन रस्त्याकडेला स्वेटर विकायचं. साइटवर उन्हाळ्यात पारा चढला की लोक त्याची चेष्टा करत. थंड देशातला माणूस, वितळेल बिचारा. तो शांतपणे सांगायचा, "मी थंडी विकली जी, पाहिली नाही. बर्फ म्हणाल तर तुमच्या फ्रिजातला."

कागदाचं वेड त्याला वडिलांमुळे लागलं. ते त्यानं एकदा आमच्या घरी सांगितलं. अल बर्शातल्या आमच्या फ्लॅटवर तो महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या रविवारी जेवायला यायचा. माझ्या बायकोला वहिनी म्हणायचा आणि तिच्या हातची आमटी दोन वाट्या जास्त प्यायचा. माझ्या मुलीनं एकदा त्याला तोंडावर विचारलं, "अंकल, आर यू अ रेफ्यूजी?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो म्हणाला, "नो बेटा, आय ॲम स्टोअरकीपर."

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बापाचं तिकडं घर होतं, याक होते, शेत होतं म्हणे. पण कागद नव्हता. इकडं आल्यावर साहेबानं विचारलं, काय होतं तुमचं? बाप म्हणे, सगळं होतं. साहेब म्हणे, कागद? नाही. मंग लिहिलं: काही नाही. म्हणून मी एक वॉशर बी कागदाबगर देत नाही जी."

त्याच्या स्वतःच्या पासपोर्टची कथा याहून अजब. या तिबेटी कुटुंबांतल्या, भारतात जन्मलेल्या काही लोकांना पासपोर्ट मिळू शकतो असं कोर्टानं ठरवल्यावर त्यानं अर्ज केला. वर्षानुवर्षं खेटे घातले. शेवटी पासपोर्ट मिळाला, पण त्यासाठी निर्वासिताचं जुनं नोंदणी-पुस्तक परत द्यावं लागलं आणि वसाहतीतलं घर सोडतो असं लिहून द्यावं लागलं. आई वसाहतीत, आणि हा गावातच भाड्याच्या खोलीत. "भारताचा झालो आणि बेघर झालो," असं तो हसत सांगायचा. त्याच्या डोळ्यांच्या कडेला हसताना इतक्या सुरकुत्या पडत की ऐकणाराही हसायचा. मीही हसायचो.

स्टोअरचा त्याचा कारभार पाहण्यासारखा होता. पठाण ड्रायव्हर असो की केरळचा इंजिनीअर, स्लिप आणल्याशिवाय सामान नाही. सगळे त्याची नक्कल करत. "कागज लाओ जी!" हा त्या साइटवरचा सलामच झाला होता. आलेला माल तो एकेक नग मोजून घ्यायचा. डिलिव्हरी नोटवर लिहिलंय एक आणि आलंय दुसरं, असं झालं की तो माल परत पाठवायचा नाही, भांडायचा नाही. सही करायचा आणि सहीखाली इंग्रजीत लिहायचा: मिळाले. वर्णन जुळत नाही. मग तो कागद एका लाल फाइलमध्ये जायचा. जोवर पुरवठादार येऊन वर्णन दुरुस्त करत नाही तोवर तो कागद तिथून हलायचा नाही. दररोज सकाळी हा फोन करायचा. "साहब, आपका कागज लाल फाइल में है." आठवड्याच्या आत समोरचा कंटाळून यायचाच. लाल फाइल बहुतेक वेळा रिकामी असायची, आणि त्याचा त्याला फार अभिमान होता.

प्रकल्पाचा मुख्य कंत्राटदार चिनी. त्यांचे कामगार पहिल्या दिवशी स्टोअरवर आले तेव्हा याचा चेहरा पाहून त्यांनी आनंदानं चिनी भाषेत बोलायला सुरुवात केली. यानं सगळं ऐकून घेतलं आणि हात पुढे केला. "स्लिप, प्लीज."

आमच्या फोरमननं त्याला डिवचलं, "क्या भाई, इन्होंने तेरा मुल्क ले लिया और तू इनको व्हॉल्व्ह देता है?"

"व्हॉल्व्ह का कागज है उनके पास," तो म्हणाला. "मुल्क का कागज लाएँगे तो बोलना, मैं चेक करूँगा."

फोरमन हे वाक्य आठवडाभर सांगत फिरला. ज्या चिनी लोकांबद्दल ते होतं त्यांच्याशी मात्र याचं चांगलं जमलं. ते दिवसभर गरम पाणी पीत, आणि हाही पीत असे. स्टोअरमधली त्याची किटली दुपारनंतर त्यांचीच असायची. त्यांचा एक तरुण समन्वयक होता, आमच्या आणि त्यांच्या कंपनीतला निरोप्या म्हणा. तो मला भेटला की अंगठा वर करून म्हणायचा, "युवर स्टोअर मॅन, नंबर वन."

एकदा मी कामगारांच्या राहण्याच्या जागेची तपासणी करायला गेलो होतो. त्याच्या खोलीत सहा जण. त्यानं कपाट उघडलं तेव्हा दाराच्या आतल्या बाजूला तिबेटी लोकांच्या धर्मगुरूंचा फोटो दिसला. पुढे स्टीलची छोटी वाटी, तिच्यात पाणी. मी पाहतोय असं लक्षात येताच त्यानं दार लोटलं.

"अरे, लपवतोस कशाला? देवच आहे ना?"

"लपवत नाही जी. झाकून ठेवतो. धूळ बसते."

तेव्हा मला हे कळायला हवं होतं. या माणसाला काय दाखवायचं आणि काय झाकायचं ते नेमकं ठाऊक होतं. पुढे जे झालं ते मी त्याचं दार सताड उघडलं म्हणून झालं.

आमच्या मराठी मंडळाचा गणेशोत्सव. दर वर्षी तेच: लहान मुलांचे नाच, बायकांचं अथर्वशीर्ष, भाषण, जेवण. त्या वर्षी कार्यक्रम समितीत मी होतो आणि काहीतरी वेगळं हवं होतं. मला हा आठवला. तिबेटी चेहरा आणि अस्सल झाडीपट्टीची मराठी. लोक खुर्चीतून उठतील!

तो आला. नवा पांढरा शर्ट घालून आला. हॉलच्या दाराशीच म्हणाला, "भाऊ, येतो मी स्टेजवर. पण व्हिडिओ नोको."

"अरे, घरचेच आहेत सगळे," मी म्हणालो.

घरचेच. हा शब्द मी तेव्हा अगदी मनापासून वापरला होता.

स्टेजवर मी माइक धरून त्याची मुलाखत घेतली. स्वेटर, भात, शाळेतले मास्तर. लोक हसून हसून बेजार. मग मला वाटलं, आता थोडं हृदयाला हात घालणारं काही हवं. मी विचारलं, "आणि तुमचं खरं गाव?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग माइकमध्ये म्हणाला, "बापाचं गाव आहे तिकडं. मी पाहिलं नाही. जायचं तर चीनचा व्हिसा लागते, तो आमाले भेटत नाही. बाप मरताना म्हणे, तू जाऊन ये. म्या म्हटलं, जातो. खोटं बोललो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. समोर मोबाइल वर झालेले. सगळ्यात स्पष्ट चित्रण माझ्याच फोनमध्ये झालं होतं, तो मी स्टँडवर लावून ठेवला होता. त्या रात्रीच 'आपला मराठी तिबेटी' असं नाव देऊन मी ते मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. तिथून ते कुठं कुठं गेलं ते कुणाला ठाऊक. नागपूरहून माझ्या चुलतभावानं मलाच पाठवलं. मी खूश होतो. त्याला सांगितलं तर तो एवढंच म्हणाला, "बरं जी." त्यानंतर दोन-तीन महिने तो एकाही रविवारी जेवायला आला नाही. सुट्टीलाही काम असेल, असं मी बायकोला सांगितलं.

चार महिन्यांनी चिनी कंपनीची मोठी मंडळी साइट पाहायला येणार असं ठरलं. त्यांच्याबरोबर त्यांच्या सरकारातलेही काही जण. रस्ते धुतले, झाडांच्या कुंड्या आणल्या. त्या गडबडीत तो तरुण समन्वयक माझ्याकडे आला. जरा अवघडलेला होता. त्यानं फोनवर माझाच व्हिडिओ दाखवला. कुणीतरी खाली चिनी अक्षरं टाकली होती.

"माय बॉस सॉ," तो म्हणाला. "व्हिजिट डे, स्टोअर मॅन हॉलिडे, ओके? वन डे ओन्ली." आणि एक बोट वर केलं.

एक दिवस. एवढंच. हे मी इथं मुद्दाम स्पष्ट लिहितोय.

मी आमच्या साहेबांना सांगितलं. कंपनी त्यांची आहे. ठाण्याचा माणूस, शून्यातून वर आलेला, वाईट नाही. त्यांनी व्हिडिओ पाहिला. मीटिंगमध्ये बसले होते म्हणून आवाज बंद करून पाहिला.

"एक दिवस रजा म्हणतात," मी म्हणालो.

"आज एक दिवस म्हणतात. उद्या दुसऱ्या टप्प्याचं काम देताना कुणी म्हणालं, यांच्याकडे असली माणसं आहेत, तर? अरे, मोठमोठे देश यांच्यापुढे जपून असतात. आपण कोण? काही गोष्टी कुणी सांगायच्या आत समजून घ्यायच्या असतात. करून टाक काहीतरी. खलास." मग म्हणाले, "पण कुणी काढला रे हा व्हिडिओ? कुठल्या गाढवानं?"

"मंडळातल्या कुणीतरी," मी म्हणालो.

चित्रात तो एकटाच दिसत होता, पण त्यांनी आवाज चालू केला असता तर माझा आवाज ओळखला असता. त्यांनी फोन खिशात ठेवला. मला इतकं हायसं वाटलं की त्याच्या नोकरीबद्दल एक शब्दही माझ्या तोंडून निघाला नाही. मुलीचं कॉलेज सुरू व्हायचं होतं. मला त्रेपन्न पूर्ण झालेली. या वयात इथं नोकरी गेली आणि व्हिसा रद्द झाला तर तीस दिवसांत काय होतं ते मी शेकडो लोकांच्या फाइलमध्ये पाहिलं आहे. पण ही कारणं आता देऊन उपयोग नाही. साहेब फक्त 'काहीतरी' म्हणाले होते. 'पुनर्रचनेमुळे पद रद्द' हे शब्द माझे.

पेपरात आपण वाचतो, अमक्या देशाचे पुढारी चीनला गेले, करार झाले, बंदर मिळालं, रेल्वे मिळाली. निवेदनात कुठंतरी एक ठरलेलं वाक्य असतं की तिबेट हा चीनचा भाग आहे. कुणी तिबेटी लोकांच्या गुरूंना भेटायचं टाळतं, कुणी व्हिसा नाकारतं. आपल्याकडेही तेच. यानंच मला सांगितलं होतं की त्याचा मावसभाऊ एकदा दिल्लीत स्वेटरचा माल घ्यायला गेला होता, नेमका तेव्हा चीनचा कुणी मोठा पाहुणा यायचा होता. पोलिसांनी भावाला दोन दिवस बसवून ठेवलं. "पाहुणा आला का आमाले आत ठेवतेत. पाहुणा गेला का चहा पाजून सोडतेत," असं तो म्हणाला होता, आणि सुरकुत्या पाडून हसला होता. तेव्हा मला वाटलं, हे राजकारण, आपला काय संबंध! ते राजकारण आमच्या स्टोअरच्या पत्र्याच्या दारापर्यंत आलं तेव्हा ते कुणी चिनी माणसानं आणलं नाही. त्यानं एक बोट वर केलं होतं. बाकीचं मी केलं.

त्याला दुबईच्या ऑफिसात बोलावलं. सकाळी अकराची वेळ. मी पत्र पुढे केलं. त्यानं ते दोन्ही हातांनी घेतलं, "हो जी" म्हणाला आणि उभ्यानंच वाचू लागला. इंग्रजी तो ओठ हलवत वाचायचा. दोनदा वाचलं.

"स्टोअर बंद होऊन राहिलं का, भाऊ?"

"नाही."

"मंग दुसरा कोणी येते?"

"हो... म्हणजे, तात्पुरता."

"मंग पद कोठं रद्द झालं?"

मी पाण्याचा ग्लास त्याच्याकडे सरकवला. त्यानं तो घेतला नाही.

"व्हिडिओ?" त्यानं विचारलं.

मी मान हलवली.

"चिन्याइनं काढाले सांगितलं?"

आणि मी पुन्हा मान हलवली. होकारार्थी. आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोललो असेन, पण त्यातलं इतकं सोपं दुसरं आठवत नाही. एक शब्दही लागला नाही.

तो खुर्चीत बसला. पत्र मांडीवर ठेवलं, हातानं सरळ केलं. "भांडत नाही मी, भाऊ. तक्रार बी करत नाही. फक्त खरं लिहून द्या. 'तिबेटी आहे म्हणून काढला.' एक ओळ."

"असं लिहिता येत नाही रे."

"काहून?"

"कंपनीला प्रॉब्लेम होईल."

"काढाले प्रॉब्लेम नाही, लिहाले प्रॉब्लेम आहे?"

मी म्हणालो की अनुभवाचा दाखला चांगला देतो, दुसरीकडे शब्द टाकतो, तिकिटाचं बघतो. मी बोलत राहिलो. इन्शाल्ला, सगळं ठीक होईल, असंही म्हणालो.

"भारताचा झालो म्हणून वसाहतीनं नाव काढलं," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. स्टोअरमध्ये नग मोजताना असायचा तसाच होता. "तिबेटचा आहे म्हणून तुमी काढून राहिले. बापापाशी कागद नव्हता त्याचं काय काय गेलं त्याचा. माह्यापाशी तरी राहू द्या ना एक. आईले दाखवीन. म्हणीन, पाहा, मी काही चोरी नाही केली, दारू नाही पेलो. याच्यासाठी काढलं. तिले समजते ते. ती रडणार नाही."

मी खिडकीकडे पाहत होतो. समोरून मेट्रो गेली, मग दुसरी गेली.

"बघतो," मी म्हणालो.

ऑफिसात 'बघतो' म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. त्यालाही माहीत होतं. त्यानं पेन मागितलं. पत्राची एक प्रत त्याला आणि एक, त्याच्या सहीनिशी, आमच्या फाइलला, असा नियम. तो वाकून सही करू लागला. जरा जास्त वेळ लागला असं मला वाटलं, पण मी पाहिलं नाही. मला ते लवकर संपायला हवं होतं. त्यानं आमची प्रत घडी घालून, दोन्ही हातांनी, मान थोडी खाली करून माझ्यासमोर धरली. मी ती एका हातानं घेतली आणि ड्रॉवरमध्ये टाकली.

"वहिनीले सांगा, आमटी चांगली असते," तो म्हणाला आणि गेला.

त्याच आठवड्यात तो भारतात परतला. विमानतळावर मी गेलो नाही. जायचं ठरवलं होतं, गाडीत बसलोही होतो.

पाहुण्यांची भेट पार पडली. ती मंडळी स्टोअरच्या बाजूला फिरकलीसुद्धा नाहीत. दोन दिवसांनी तो तरुण समन्वयक किटलीतलं गरम पाणी घ्यायला आला असेल, तर केबिनमध्ये नवा माणूस आणि किटली नाही. मी त्या दिवशी साइटवरच होतो, तो मला शोधत आला. "स्टोअर मॅन व्हेअर? वन डे फिनिश. व्हाय नॉट कम?"

मी सांगितलं की तो गेला, कायमचा.

त्याचा चेहरा पडला. "आय से वन डे," तो म्हणाला. पुन्हा एक बोट वर केलं आणि तसंच धरून राहिला. "वन डे ओन्ली!" मग त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी फोन आल्याचं नाटक करून बाहेर उन्हात गेलो.

त्याचा इथला नंबर बंद आहे. भारतातल्या नंबरवर मी तीनदा व्हॉट्सॲप मेसेज लिहिला. एकच करडी खूण येते, दुसरी येत नाही. बायको अजून विचारते, त्यांना रविवारी बोलवायचं का. तिला मी 'बदली झाली' असं सांगितलं आहे. स्टोअरमध्ये आता कुणीही येतं, काहीही घेऊन जातं. नवा माणूस फोनवर असतो. "कागज लाओ जी" म्हणणारे म्हणतात, पण हसत कुणी नाही.

गेल्या महिन्यात फाइलींची तपासणी चालू होती. माझ्या विभागातली केरळची मुलगी एक कागद घेऊन आली. "सर, या माणसानं सहीखाली काहीतरी लिहिलंय," ती इंग्रजीत म्हणाली. "हिंदी आहे का? चालेल ना असं?"

मी कागद पाहिला. माझ्या ड्रॉवरमधून तो घडी घातलेलाच फाइलला गेला होता आणि इतके महिने तसाच होता. इतरांच्या कागदांवर तो जे इंग्रजीत लिहायचा ते माझ्या कागदावर त्यानं मराठीत लिहिलं होतं. शाळेतल्या मास्तरांनी गिरवून घेतलेलं टपोरं अक्षर:

मिळाले. वर्णन जुळत नाही.

"काय लिहिलंय, सर?"

"मिळाले, असं लिहिलंय," मी म्हणालो.

ती समाधानानं गेली. कागद मी माझ्याकडेच ठेवून घेतला.

आता वर्णन दुरुस्त करायचं तर ते असं करावं लागेल: त्याला चिन्यांनी काढलं नाही, आम्ही काढलं. कुणी मागितलं नसताना काढलं. तो तिबेटी होता म्हणून, आणि त्याच्या तोंडून ते टाळ्यांसाठी वदवून घेणारा माणूस मी होतो म्हणून. हे सगळं मी इथं मराठीत लिहिलं, कारण आमचे साहेब मराठी वाचायचं कधीच सोडून बसलेत. त्याचं नाव मात्र लिहिलं नाही. तो दाराशी 'नोको' म्हणाला होता, ते या खेपेला ऐकलं असं मला म्हणता आलं असतं. पण खरं कारण एवढंच की मी अजून तिथंच नोकरीला आहे.

परवा साइटवर गेलो होतो. नवा माणूस जेवायला गेलेला, केबिन उघडीच. मांडणीवर मागच्या बाजूला ती लाल फाइल होती, धूळ बसलेली. उघडली तर रिकामी. जाताना त्यानं सगळे कागद मिटवले होते. मी खिशातून तो कागद काढला आणि तिच्यात लावला.

रोज सकाळी आता कुणाचा फोन येत नाही.